लहान कुंडीतला सुगंधी गुलाब : छत्रपती संभाजीनगरच्या हवापाण्यातले विवेचन

१. विषय आणि त्याची मर्यादा

सिडकोतल्या रो-हाऊसपुढे जेमतेम चार पावलांचे अंगण असते. गारखेड्यातल्या अपार्टमेंटला तेही नसते. असतो तो बाल्कनीचा कठडा आणि वरची सामाईक गच्ची. एवढ्या जागेत गुलाब हवा म्हटले की नर्सरीवाला मिनिएचर गुलाबाकडे बोट दाखवतो. दीड-दोन वीत उंची, बोराएवढ्या कळ्या, एका वेळी दहा-पंधरा फुले. डिसेंबरात आणलेले रोप होळीपर्यंत भरभरून फुलते, मे महिन्यात काड्या होऊन उभे राहते आणि ‘आपल्याकडे गुलाब जगत नाही’ असे घरात ठरून जाते.

ते खरे नाही. मिनिएचर गुलाब मुळात काटक आहे. त्याला मारतो तो कुंडीतल्या शिलकीचा अभाव. जमिनीतल्या झाडाला पाणी चुकले तर मुळे खोल जाऊन दुसरीकडून ओल आणतात. लहान कुंडीत पाण्याचा, हवेचा आणि गारव्याचा साठा बेताचा असतो, आणि माळ्याची चूक पोटात घालायला तिथे जागाच नसते. झाड लहान म्हणून त्याची निगा लहान, हा समज इथेच फसतो. सुगंधाचेही असेच आहे. जगण्याचा खर्च भागून काही उरले तरच झाड तो मोकळ्या हाताने देते. पुढचे सारे विवेचन या शिलकीच्या हिशोबाचे आहे.

आधी व्याख्या. ज्या गुलाबाचे पान, पेरे, काटा, कळी आणि फूल हे सारेच एका प्रमाणात लहान असते, तो मिनिएचर. उंची साधारण १५ ते ४५ सेंटिमीटर आणि फूल २.५ ते ५ सेंटिमीटर. बाजारात ‘बटण गुलाब’ या नावाखाली आणखीही प्रकार विकले जातात. काही झुडपे मोठी असून फक्त फुले लहान असतात. काही रोपे वाढरोधक रसायन देऊन आखूड ठेवलेली असतात. घरी आल्यावर औषधाचा असर ओसरतो आणि ती लांबट होतात. म्हणून घेताना फुलापेक्षा पेऱ्यांकडे पाहावे. जुन्या आणि नव्या फांदीवरची पेरी सारखीच आखूड असतील, तर तो बुटकेपणा वाणाचा स्वतःचा आहे.

२. कुळ

बाराही महिने फुलणारे चिनी गुलाब १८व्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोहोचले. त्यांतले काही कलकत्त्याहून निघालेल्या जहाजांतून गेले. त्यांच्यातलाच एक अतिशय बुटका प्रकार पुढे विस्मरणात गेला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्विस सैन्यातले अधिकारी रूले यांना तो एका डोंगराळ खेड्यात खिडक्यांतल्या कुंड्यांमध्ये दिसला, आणि जिनिव्हाचे वनस्पतितज्ज्ञ आंरी कोरेव्हाँ यांनी त्याला ‘रूलेटी’ हे नाव दिले. म्हणजे आधुनिक मिनिएचरचा पूर्वज पुन्हा हाती लागला तोच कुंडीत.

हॉलंडमधल्या बॉस्कोपच्या यान डी व्हिंक यांनी रूलेटीचा संकर करून ‘पेऑन’ काढला. १९३६ मध्ये तो अमेरिकेत ‘टॉम थम्ब’ नावाने आला. स्पेनमध्ये पेद्रो दोत यांनी हेच काम पुढे नेले. कॅलिफोर्नियातले राल्फ मूर यांनी तर आपल्या सेक्वॉया नर्सरीत सारे आयुष्य या एका कामाला दिले. १९०७ ते २००९ असे शतकाहून मोठे आयुष्य त्यांना लाभले, आणि आजच्या असंख्य मिनिएचर वाणांच्या वंशावळीत त्यांच्या हातचे झाड सापडते.

या कुळातून दोन गुण आले. पहिला सतत फुलण्याचा. रानगुलाब वर्षातून एकदाच फुलतो, कारण फुलण्याला लगाम घालणारे एक जनुक त्याच्यात काम करत असते. चिनी गुलाबात त्या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसल्याने लगाम सुटला. म्हणून मिनिएचरची जवळजवळ प्रत्येक नवी फांदी टोकाला फूल देऊनच थांबते. यातून मिळणारा नियम सोपा आहे : फुले हवी असतील तर नवी फूट हवी, आणि नवी फूट हवी तर कात्री हवी. दुसरा गुण बुटकेपणाचा. सुगंध मात्र या मूळ पुरुषाकडून फारसा आला नाही, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

३. सुगंध कुठून येतो, कुठे जातो

गुलाबाचा वास पाकळीच्या वरच्या थरातल्या पेशींत तयार होतो आणि तिथूनच हवेत उडतो. पाकळीचा मखमली स्पर्श ज्या शंकूच्या आकाराच्या पेशींमुळे जाणवतो, त्याच या पेशी. वासाचे घटक शेकडो आहेत. अत्तराच्या गुलाबाची ओळख असलेला गोडवा प्रामुख्याने जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल आणि फिनाइल इथेनॉल यांचा. चिनी गुलाबांच्या वासात चहाच्या ताज्या पानाची आठवण देणारा वेगळाच घटक असतो. २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी ‘पापा मेयाँ’ हा घमघमणारा आणि ‘रूज मेयाँ’ हा बिनवासाचा गुलाब शेजारी ठेवून अभ्यास केला. जिरॅनिऑल तयार करण्यात गुलाब एक अनपेक्षित विकर वापरतो, आणि बिनवासाच्या वाणात ते जवळजवळ निष्क्रिय असते, असे त्यांना आढळले. म्हणजे वाणातच ही क्षमता नसेल तर कोणतेही खत ती देऊ शकत नाही.

तेव्हा पहिली पायरी वाणाची. फुलबाजाराने टिकाऊ पाकळी, उभी कळी आणि भडक रंग मागितला, त्यात वास मागे पडला. तरी मिनिएचर वर्गात सुवासिक वाण आहेत. डी व्हिंक यांचा फिक्या गुलाबी रंगाचा ‘स्वीट फेअरी’, मूर यांचा १९८४ मधला जांभळट ‘स्वीट चॅरियट’ आणि फिक्या जांभळ्या छटेचा ‘सेंटसेशनल’ ही ठळक नावे. ‘स्वीट चॅरियट’च्या फांद्या खाली झुकतात, त्यामुळे टांगत्या कुंडीत तो विशेष शोभतो. आपल्या नर्सऱ्यांत मात्र बरीच रोपे नावाविना, रंगावर विकली जातात. अशा वेळी नाकावर विश्वास ठेवावा. खरेदीला सकाळी नऊच्या आत जावे आणि पूर्ण उमललेले फूल टाळून अर्धवट उमललेले हुंगावे.

दुसरी पायरी वेळेची. जानेवारीतल्या एका सकाळी साडेसातला कठड्यावरच्या कुंडीपाशी वाकून पाहा. फुलाच्या तोंडाशी थंड हवेचा थर साचलेला असतो, पाकळ्या दवाने किंचित जड असतात आणि वास वीतभर अंतरावरूनच लागतो. तेच फूल अकराच्या उन्हात हुंगले तर नाक पाकळीला टेकवावे लागते. उन्हाने वासाचे घटक भराभर उडतात, गच्चीवरचा वारा ते पसरवून टाकतो आणि पाकळीत नव्याने तयार होणारा वास या खर्चाला पुरत नाही.

तिसरी पायरी जागेची. मोठ्या गुलाबाच्या मानाने मिनिएचरच्या पाकळ्यांचे एकूण क्षेत्रफळ फारच थोडे. एकटे झाड खोली भरून टाकेल ही अपेक्षा चुकीची ठरते. एकाच वाणाच्या चार-पाच कुंड्या एकत्र, वाऱ्याच्या आडोशाला, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर ठेवल्या, तर त्याच फुलांचा वास कितीतरी पट जाणवतो. सकाळच्या चहाच्या खुर्चीशेजारचा पूर्वेचा कठडा ही त्यासाठी उत्तम जागा.

४. शहराची हवा, माती आणि पाणी

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून ५५० मीटरहून अधिक उंचीवर, दख्खनच्या बसाल्ट खडकावर वसले आहे. पाऊस वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो आणि हवा अगदी कोरडी असते. हिवाळ्यात रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतात आणि दिवस लख्ख उन्हाचे असतात. गुलाबाला मानवणारे तापमान ढोबळमानाने १५ ते २८ अंश. म्हणजे दसरा ते होळी हा आपला गुलाबाचा हंगाम, आणि होळी ते पहिला पाऊस हा त्याच्या परीक्षेचा काळ.

हे शहर बागांना नवे नाही. बीबी का मकबऱ्याभोवती चारबाग आहे, खुलताबादेत बनी बेगम बाग आहे, आणि हिमायत बाग आज कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे. पण या साऱ्या हिरवाईमागे दुरून आणलेले पाणी होते. १७व्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी या नावाने हे शहर वसवले तेव्हा नहर बांधून पाणी शहरात आणले. पाणचक्कीतही काही किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून उतारानेच येते. आज पाणी पैठणच्या जायकवाडीहून येते, आणि अनेक वस्त्यांत वर्षानुवर्षे नळाला ते काही दिवसांआडच आले आहे. इथल्या घराला टाकीचा हिशोब ठेवावाच लागतो. कुंडीचा हिशोब त्याहून निराळा नाही.

५. कुंडी : साठ्याचे गणित

एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. मे महिन्यात मराठवाड्यात उघड्या पात्रातून दिवसाला दहा मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी उडून जाते. मिनिएचरच्या झुडपाच्या पसाऱ्याचा व्यास ३० सेंटिमीटर धरला तर क्षेत्र ०.०७ चौरस मीटर, आणि रोजचा खर्च निदान ०.७ लिटर. आता साठा पाहू. आठ इंची, तळाशी निमुळत्या कुंडीत सुमारे ५ लिटर मिश्रण बसते, आणि मुळांना उचलता येणारे पाणी त्याच्या पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त, म्हणजे १.१ लिटर. ते दीड दिवसात संपते. दहा इंची कुंडीत मिश्रण जवळजवळ दुप्पट, ९.५ लिटर, साठा २.१ लिटर आणि पुरवठा तीन दिवसांचा. तोंडाचा व्यास फक्त दोन इंचांनी वाढला आणि झाडाची शिलक दुप्पट झाली. म्हणून हिवाळ्यात आठ इंची कुंडी शोभून दिसली, तरी या शहरात वर्षभरासाठी दहा इंचीच घ्यावी.

मातीची कुंडी भिंतीतून पाणी उडवून गार राहते, पण तेवढे पाणी खर्ची पडते. प्लॅस्टिकची पाणी राखते, पण पश्चिमेच्या उन्हात तिची कड हाताला चटका देते आणि आतली कडेची मुळे शिजतात. दोन्हींचे गुण मिळवायचे असतील तर प्लॅस्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवावी आणि मधल्या फटीत ओली जाड वाळू किंवा नारळाचा काथ्या भरावा. बाहेरून चुना लावला तर ऊन परावर्तित होते. कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नये. दोन विटांवर ठेवली की खालून हवा खेळते आणि छिद्र मोकळे राहते.

तळाशी खापऱ्यांचा जाड थर दिला की निचरा सुधारतो, हा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात कुंडी केवढीही असो, मिश्रणाच्या तळाशी काही सेंटिमीटरचा थर पाण्याने संपृक्तच राहतो. खाली खापऱ्या भरल्या तर तो थर तेवढाच वर सरकतो आणि मुळांची जागा घटते. छिद्रावर एक वाकडी खापरी पुरे. खरा निचरा मिश्रणातल्या जाड कणांमुळे होतो.

६. मिश्रण

आपली काळी माती शेतात सोन्यासारखी असली तरी कुंडीत घातक. ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते. वाळली की आक्रसून कडेपासून सुटते, आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. वरून ओले, आत कोरडे असे झाड त्यामुळेच मरते. शिवाय तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५, आणि गुलाबाला ६ ते ६.५ च्या आसपास लागतो.

त्यापेक्षा हे प्रमाण बरे : धुतलेले कोकोपीट दोन भाग, पूर्ण कुजलेले व चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत दोन भाग, लाल मुरमाड माती एक भाग, विटांचा चुरा किंवा जाड वाळू एक भाग, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुवावेच, कारण त्यात क्षार असू शकतात.

नर्सरीतली पुष्कळ रोपे चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यासह येतात. तो गोळा जसाच्या तसा भुसभुशीत मिश्रणात बसवला तर भोवतालचे मिश्रण ओले आणि गोळा कोरडा, किंवा नेमके उलटे, अशी स्थिती होते. थंडीच्या दिवसांत रोप पिशवीतून काढून गोळा तासभर पाण्यात भिजवावा आणि बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी हळूहळू सोडवावी. आतून टोकाशी पांढरी, टवटवीत मुळे दिसली तर रोप चांगले. तपकिरी आणि बोटात चुरडणारी मुळे दिसली तर ते रोप आधीच हरलेले आहे.

७. पाणी आणि क्षार

झाडे पाणी कमी पडून मरतात तशीच पाण्यातल्या क्षारांनीही मरतात, आणि हे दुसरे मरण ओळखू येत नाही. समजा, बोअरच्या पाण्यात लिटरला ८०० मिलिग्रॅम क्षार आहेत. रोज एक लिटर याप्रमाणे १०० दिवसांत कुंडीत ८० ग्रॅम क्षार पडले. झाड त्यातले थोडेच उचलते. काही भाग चुना होऊन बसतो, उरलेला मुळांभोवती साचतो. मातीच्या कुंडीच्या काठावर उमटणारी पांढरी पापडी हा त्याचाच पुरावा. पानांच्या कडा करपू लागतात. कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. लोह मातीत असते, पण सामू चढल्याने मुळांना ते मिळत नाही.

उपाय तीन. पंधरा दिवसांतून एकदा, शक्यतो नळाच्या पाण्याने, कुंडीच्या छिद्रातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत मिश्रण धुवावे. रोज घोटभर पाणी घालणे सर्वांत वाईट. आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी मूळ पाण्याहून खारट असते, ते गुलाबाला घालू नये. एसीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित असते, आणि उन्हाळ्यात ते नेमके हवे तेव्हा मिळते. बादली लावून ते जरूर साठवावे. पाने तशीच पिवळी राहिली तर चुनखडीच्या मातीतही टिकणारे चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात द्यावे.

मे महिन्यात दहा कुंड्यांना रोज सात-आठ लिटर आणि आठवड्याला पन्नासच्या पुढे पाणी लागते. टाकीत तेवढी तरतूद होत असेल तेवढ्याच कुंड्या ठेवाव्यात. माठ पुरून ओलित करण्याची आपली जुनी रीत कुंडीतही चालते : बिनझिलईची छोटी सुगडी गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावी, तोंडावर झाकण द्यावे. ओल पाझरत राहते. वरून वाळलेल्या पालापाचोळ्याचे दोन बोटे आच्छादन.

८. पोषण

सतत फुलणाऱ्या झाडाला थोडे थोडे पण सतत खाणे लागते. हंगामात दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, आधी साध्या पाण्याने मिश्रण ओले करून. महिन्याला मूठभर गांडूळखत. नत्र जास्त झाले की पाने गर्द आणि लुसलुशीत होतात, मावा येतो आणि फुले घटतात. मेमध्ये रासायनिक खत बंद.

घरगुती उपायांची इथे पारख करायला हवी. अंड्याची टरफले म्हणजे चुना. ज्या शहराचे पाणीच चुनखडीचे, तिथे ती घालणे म्हणजे आजार वाढवणे. चहाचा चोथा साखर-दूध धुऊन, कंपोस्टमध्ये कुजवून मगच घालावा. केळीची साल कुंडीत पुरली तर चिलटे येतात. तिचीही जागा कंपोस्टच्या डब्यात.

९. वर्षाचे चक्र

दसऱ्याच्या आगेमागे, पाऊस ओसरला की मुख्य छाटणी. मोठ्या गुलाबासारखी खोल छाटणी मिनिएचरला नको. वाळलेल्या, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, उरलेले झुडूप एक तृतीयांश ते निम्मे कमी करावे. काप धारदार कात्रीने, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडा वर, तिरका. छाटणीनंतर सुमारे ४० ते ४५ दिवसांत फुले येतात.

नंतर सारा हंगाम कोमेजलेले फूल काढण्याचा. पाकळ्या नुसत्या ओढू नयेत. खाली पहिले पूर्ण वाढलेले पाच पर्णिकांचे पान गाठून त्याच्या वर कापावे, कारण तिथला डोळा जोमदार असतो. सात पर्णिकांची फांदी दिसली की ती जंगली, असे समजून कापण्याची सवय आहे. पण मिनिएचरच्या चांगल्या फांदीलाही सात पर्णिका येतात. फांदी जंगली ठरवायची तर ती डोळा भरलेल्या, म्हणजे कलमाच्या जागेच्या खालून, खुंटावरून फुटली आहे का ते पाहावे.

होळीनंतर कुंड्या पूर्वेकडे हलवाव्यात; सकाळचे ऊन अकरापर्यंत, पुढे ५० टक्के हिरव्या जाळीची सावली. एप्रिलपासून कळ्या खुडाव्यात. मन धजत नाही, पण ती खुडलेली प्रत्येक कळी झाडाच्या खात्यात जमा होते. जूनमध्ये हलकी छाटणी.

पावसाळ्यात रोपे वाढवावीत. फुलून गेलेल्या फांदीचा ८-१० सेंटिमीटरचा, तीन-चार डोळ्यांचा तुकडा ओल्या कोकोपीट-वाळूत लावला की तीन-चार आठवड्यांत मुळे धरतो. असे स्वतःच्या मुळांवरचे झाड बुटकेपणा टिकवते आणि त्याला खुंटाची फूट येण्याचा प्रश्नच उरत नाही. कुंडीसाठी हेच श्रेष्ठ.

१०. रोग आणि किडी

प्रत्येक ऋतूचा शत्रू ठरलेला आहे. पावसाळ्यात काळे ठिपके : पान कित्येक तास सलग ओले राहिले की बुरशी रुजते. म्हणून पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे, ठिपक्यांची पाने उचलून टाकावीत, झुडपाचे पोट मोकळे ठेवावे. थंडीत, कोरडे दिवस आणि दमट गार रात्री जुळल्या की कोवळ्या शेंड्यांवर भुरी. विद्राव्य गंधक लिटरला दोन ग्रॅम चालते, पण पारा ३२ अंशांवर असताना ते पाने जाळते.

फेब्रुवारी सरता सरता लाल कोळी. पान वरून धुरकट दिसते. उलटून पाहिले की बारीक जाळे आणि हलणारे ठिपके. कोरड्या उष्ण हवेत त्याची पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणून आठवड्यातून दोनदा पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरकस फवारा सकाळी मारावा. निंबोळी तेल लिटरला पाच मिलिलिटर, साबणाच्या पाण्यात घोटून, संध्याकाळी. फुलकिडे पाकळीच्या कडा तपकिरी करतात. त्यांनी खाल्लेली कळी उमलण्याआधीच काढून टाकावी.

११. निष्कर्ष

गुलाबाची परीक्षा आपण डिसेंबरात घेतो, फुले मोजून. या शहरात ती ३१ मे रोजी घ्यायला हवी. त्या दिवशी झाडावर एकही फूल नसले, पाने थोडी असली, तरी फांदीला नखाने किंचित खरवडल्यावर खाली हिरवी साल दिसली पाहिजे. ती हिरवाई म्हणजे वाचवलेली शिलक. दहा इंची कुंडी, धुऊन काढलेले क्षार, खुडलेल्या कळ्या आणि अकरानंतरची सावली यांनी मिळून ती जमवलेली असते. दसऱ्यानंतर कात्री लागली की तीच शिलक फुटवा होते, फुटव्याच्या टोकाला कळी होते, आणि पौषातल्या थंड सकाळी चहाचा कप हातात असताना, कठड्याकडे न पाहताही, आज फूल उमलले आहे हे आपल्याला कळते.